शल्यचिकित्सकाची पहिली स्वतंत्र नेमणूक
(तालुक्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एम. एस. ही पदवी घेतलेला तरुण शल्यचिकित्सक तालुक्याच्या रुग्णालयात रुजू होतो, तेव्हा त्याच्या हाती नेमणुकीचा आदेश असतो. पदाचे नाव, वेतनश्रेणी आणि रुजू होण्याची मुदत या गोष्टी त्या आदेशात नमूद केलेल्या असतात. त्या दिवसापासून मध्यरात्री "आता काय करावे?" हे विचारायला त्याच्या वरचे कोणीही त्या इमारतीत असणार नाही, ही गोष्ट मात्र आदेशात लिहिलेली नसते. पहिल्या स्वतंत्र नेमणुकीची तयारी म्हणजे मुख्यतः या न लिहिलेल्या ओळीची तयारी होय.

पदवीपर्यंतचा मार्ग लांबचा आहे. एम. बी. बी. एस. चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आणि पुढे शल्यचिकित्सेचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असा तो आहे. या काळात विद्यार्थी पुष्कळ पाहतो, पुष्कळ करतोही. मुंबईचे के. ई. एम. असो की पुण्याचे ससून, अशा ठिकाणी एका वर्षात जेवढे रुग्ण नजरेखालून जातात तेवढे अन्यत्र अनेक वर्षांतही जात नाहीत. परंतु तेथे त्याच्या पाठीशी सहायक प्राध्यापक असतो, त्याच्या पाठीशी प्राध्यापक असतो. भूलशास्त्राचा विभाग चोवीस तास जागा असतो आणि रक्तपेढी त्याच आवारात असते. पोट उघडल्यावर अनपेक्षित काही आढळले तर निरोप पाठवून वडीलधाऱ्या हाताला बोलावता येते. तालुक्याच्या ठिकाणी हा वडीलधारा हात साठ-सत्तर किलोमीटरवर असतो.

ब्रिटनमध्ये 'कन्सल्टंट' या पदाला जी प्रतिष्ठा आहे ती याच कारणाने. त्या पदावरील माणसाच्या रुग्णाविषयीची अंतिम जबाबदारी त्याची स्वतःची असते. आपल्याकडे हा शब्द खासगी दवाखान्यांच्या पाट्यांवर इतका सैल वापरला जातो की त्याचा हा अर्थच विसरला गेला आहे. सार्वजनिक आरोग्य सेवेत मात्र हा अर्थ जसाच्या तसा लागू पडतो. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयामागे राष्ट्रीय निकषांप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात सुमारे १,२०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात सुमारे ८०,००० लोकसंख्या धरलेली आहे. तेथे किंवा उपजिल्हा रुग्णालयात एकच शल्यचिकित्सक असेल, तर एवढ्या लोकांच्या पोटातील, हाडांतील आणि जखमांतील संकटांविषयीचा पहिला आणि बहुधा शेवटचा निर्णय त्या एका माणसाचा असतो. तो माणूस आज अनेकदा स्त्री असते, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण गावाच्या कल्पनेतला 'सर्जनसाहेब' अजून पुरुषच आहे, आणि पहिल्या आठवड्यात "मोठे डॉक्टर कुठे आहेत?" हा प्रश्न तिलाच ऐकावा लागतो.

या विषयाचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात लागोपाठ दोन अध्याय आहेत. नववा 'योग्यासूत्रीय' अध्याय हा हाताच्या सरावाचा आहे. कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेद घ्यावा, पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन शिकावे, कापडावर शिवण घालावी, अशी त्याची शिकवण आहे. दहावा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय' या नावाचा, म्हणजे व्यवसायाच्या मार्गावर पाऊल टाकण्यापूर्वीचा. शास्त्र शिकलेला, कर्म पाहिलेला, सराव केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला वैद्य कसा असावा, हे तेथे सांगितले आहे. नखे कापलेली असावीत, वेश उद्धट नसावा, बोलणे कल्याणकारक असावे, ढोंग नसावे. आणि याच यादीच्या अखेरीस त्याच्याजवळ चांगले सहायक असावेत अशी अट आहे. राजाच्या अनुज्ञेची जागा आज वैद्यक परिषदेच्या नोंदणीने घेतली आहे आणि नखांची काळजी परिचारिका घेऊ लागल्या आहेत. पण सहायकांची अट अजून तशीच उभी आहे. पदवी माणसाला एकट्याला मिळते, शस्त्रक्रिया मात्र एकट्याला करता येत नाही. नव्या शल्यचिकित्सकाची निम्मी तयारी त्याने स्वतः करावयाची असते आणि उरलेली निम्मी त्याच्या सभोवतालच्या माणसांनी. शल्यचिकित्सेचा हा विषय वैद्यकेतर श्रोत्यांपुढे ठेवण्याचे प्रयोजन तेच आहे.

रुग्णाआधी इमारत

शहाणा शल्यचिकित्सक पहिल्या आठवड्यात नियोजित शस्त्रक्रियांची घाई करीत नाही. तो प्रथम शस्त्रक्रियागृहाची पाहणी करतो, आणि ही पाहणी वहीत नोंद करून करतो.

निर्जंतुकीकरणाचे यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, हे त्यातील पहिले. दर चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस होते आणि त्या तापमानाला ठराविक वेळ ठेवले की जंतू व त्यांची बीजे नष्ट होतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण ती वेळ यंत्र चालू केल्यापासून मोजावयाची नसून तापमान गाठल्यापासून मोजावयाची असते, हे यंत्र चालविणाऱ्या सेवकाला कोणी सांगितलेले असतेच असे नाही. कपड्यांचे डबे ठासून भरले तर वाफ मधल्या घड्यांपर्यंत पोचत नाही. डब्याच्या कडेची भोके आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढताच बंद करावी लागतात. हे उलटे झाले तर सर्व खटाटोप व्यर्थ. डब्यावरील पट्टीला काळ्या रेघा उमटल्या म्हणजे आतला माल निर्जंतुक झाला, असा पुष्कळांचा समज असतो. ती पट्टी उष्णता लागल्याची खूण देते, त्याहून अधिक काही नाही. म्हणून गठ्ठ्याच्या आत वेगळी दर्शक पट्टी ठेवावी लागते आणि मधूनमधून जंतुबीजांची चाचणीही करावी लागते. जखमा चिघळू लागल्या की प्रतिजैविके बदलण्याकडे नव्या डॉक्टरचा कल होतो. अनुभवी माणूस आधी ऑटोक्लेव्हच्या खोलीत जातो.

प्राणवायूचेही तसेच. काळ्या रंगाचे, पांढऱ्या खांद्याचे लहान 'बी' प्रकारचे नळकांडे भरलेले असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला ५ लिटर या वेगाने तो पाच तास पुरेल. रात्री दहाला सुरू झालेली शस्त्रक्रिया, त्यानंतरची देखरेख आणि दरम्यान आलेले धाप लागलेले मूल, एवढ्यात हे पाच तास संपतात. सन २०२० व २०२१ च्या कोरोना साथीनंतर अनेक रुग्णालयांत हवेतून प्राणवायू तयार करणारी संयंत्रे बसविण्यात आली. आपल्या रुग्णालयातील संयंत्र चालू आहे काय, त्याची देखभाल कोणाकडे आहे आणि वीज गेली तर काय होते, हे तीन प्रश्न रुजू झाल्याच्या दिवशीच विचारावेत. विजेचा प्रश्न तर सगळीकडेच आहे. जनित्र आहे असे कागदावर असणे वेगळे आणि वीज गेल्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावरील दिवा किती सेकंदांत लागतो हे प्रत्यक्ष पाहणे वेगळे. पायाने चालविण्याचे शोषणयंत्र एका कोपऱ्यात धूळ खात पडलेले असते. ते पुसून, तपासून हाताशी ठेवावे.

राहिले रक्त. ग्रामीण रुग्णालयात बहुधा रक्तपेढी नसते, रक्तसाठवण केंद्र असते. जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या एखाद्या रक्तपेढीकडून तेथे रक्त येते आणि २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जाते. आज शीतकपाटात कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, जुळणीची तपासणी रात्री कोण करतो आणि तो गावात राहतो की रोज जाऊन-येऊन करतो, या माहितीवर पुढचे पुष्कळसे निर्णय अवलंबून असतात.

मध्यरात्रीचा निर्णय

आता एका प्रसंगाची कल्पना करू. रात्री अकरा वाजता जवळच्या वाडीवरून सत्तरीचा शेतकरी आणला जातो. जांघेतला अंतर्गळ, म्हणजे लोक ज्याला हर्निया म्हणतात तो, त्याला पंधरा वर्षांपासून आहे. पेरणी, काढणी, मुलीचे लग्न असे करीत शस्त्रक्रिया पुढे गेली. आज सकाळपासून तो आत जात नाही, गाठ दगडासारखी कठीण झाली आहे, दुपारपासून उलट्या आहेत. आतडे आवळले गेले आहे आणि त्याचा रक्तपुरवठा तुटत चालला आहे. काही तासांत तो भाग मरेल आणि त्यानंतर रुग्ण. भूलतज्ज्ञ रुग्णालयाच्या नोकरीत नाही. शेजारच्या शहरातील खासगी भूलतज्ज्ञ प्रकरणागणिक मानधनावर येतो आणि त्याला यायला पाऊण तास लागतो. जिल्हा रुग्णालय दोन तासांवर आहे.

पाठ्यपुस्तकात या आजाराची शस्त्रक्रिया पायरी-पायरीने दिलेली असते. ती येथे करावी की रुग्ण पुढे पाठवावा, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. तयारी असलेला शल्यचिकित्सक प्रथम घड्याळ पाहतो. भूलतज्ज्ञाला फोन करतो आणि तो येईपर्यंतचा पाऊण तास वाया जाऊ देत नाही. दिवसभराच्या उलट्यांनी शरीरातील पाणी आटलेले असते. अशा माणसाला पाठीत भूल दिली की रक्तदाब एकदम घसरतो. म्हणून शिरेतून सलाइन, नाकातून जठरात नळी, लघवीसाठी नळी आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा हे सर्व आधी होते. आतडे मेलेले निघाले तर ते कापून जोडावे लागेल, हे गृहीत धरून त्याची सामग्री टेबलावर येते. हे काम तो महाविद्यालयात अनेकदा करून आलेला आहे, साधने आहेत, भूलतज्ज्ञ वाटेवर आहे. मग दोन तासांचा प्रवास रुग्णाच्या गळ्यात घालण्याचे कारण नाही. येथे शस्त्रक्रिया करणे हाच शहाणपणा.

त्याच रात्री दोन वाजता दुसरा रुग्ण येतो. मोटारसायकलवरून पडलेला पंचवीस वर्षांचा तरुण. पोटाला मार, नाडी जलद, चेहरा पांढरा. पोट उघडल्यावर यकृत फाटलेले दिसते. येथे शौर्य दाखविण्याचा मोह मोठा असतो, आणि घाबरून त्याला तसाच रुग्णवाहिकेत घालण्याचा मोहही तितकाच मोठा. दोन्ही घातक. अशा वेळी मान्य झालेला मार्ग असा की, ज्यांना शस्त्रक्रियागृहात मॉप म्हणतात त्या कापडी घड्या यकृताभोवती दाबून बसवाव्यात, रक्तस्राव थांबवावा, पोट तात्पुरते बंद करावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. सोबतच्या पत्रात दुखापत काय आढळली, किती वाजता काय केले, किती रक्त व सलाइन दिले आणि पोटात किती मॉप ठेवले आहेत, हा आकडा स्पष्ट लिहावा. पुढच्या शल्यचिकित्सकाला त्या एका आकड्याचा जितका उपयोग होतो तितका दोन पानी वर्णनाचा होत नाही. पत्राबरोबर फोनही करावा. रुग्ण पोचण्याआधी तेथील शस्त्रक्रियागृह सज्ज असले म्हणजे वाचलेला अर्धा तास हा रुग्णाचा असतो.

एका रात्री दोन रुग्ण आणि दोन वेगळे निर्णय. पहिल्याला पाठविणे ही हयगय ठरली असती, दुसऱ्यावर सर्व काही येथेच करू पाहणे हा अविचार ठरला असता. आपल्या हाताची, आपल्या शस्त्रक्रियागृहाची आणि त्या घटकेची मर्यादा एकत्र मोजता येणे, हे पहिल्या नेमणुकीचे खरे कौशल्य. त्याचा सराव दुध्या-कोहळ्यावर होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची योजना सन २०२० मध्ये नियमांत आली, ती या दृष्टीने उपकारक आहे. मात्र त्या तीन महिन्यांत विद्यार्थ्याला केवळ जादा हात म्हणून राबविले तर हेतू फसेल. कोणता रुग्ण ठेवावा आणि कोणता पाठवावा, या चर्चेच्या वेळी तो तेथे उभा असला पाहिजे.

शल्यसेवेचा जागतिक आढावा घेणाऱ्या 'लॅन्सेट' आयोगाने सन २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की, जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळू शकत नाही. सीझेरियन प्रसूती, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार, ही तीन कामे जेथे होतात ते रुग्णालय बाकीचे बरेचसे करू शकते, अशी कसोटी आयोगाने सुचविली. आपल्या तालुक्यात ही तीन कामे दोन तासांच्या अंतरात कोठे होतात, हा प्रश्न पंचायत समितीच्या सभेत विचारण्याजोगा आहे.

साधनांच्या बाबतीतही विवेक लागतो. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत बसविण्याची तयार जाळी महाग, म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि त्या अनुभवाचा निबंध सन २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे युगांडात झालेल्या आणि सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीतही मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस उतरली. यातील घेण्याजोगा भाग स्वस्त कापडाचा नव्हे, पद्धतीचा आहे. काटकसर केली, पण तिचे निकाल मोजले, लिहिले आणि इतरांपुढे तपासणीसाठी ठेवले. नव्या शल्यचिकित्सकाने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या शस्त्रक्रियांची वही ठेवावी. कोणाची जखम चिघळली, कोण दगावला, कोणाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, हे सर्व तीत असावे. शासकीय नमुन्यांतील तक्ते भरले म्हणजे हे काम झाले असे होत नाही.

सहायक

नव्या डॉक्टरला शस्त्रक्रियागृहाच्या परिसेविकेचा प्रथम थोडा धाक वाटतो, आणि तो वाटावा हे योग्यच आहे. ती तेथे वीस वर्षे असते. कोणते चिमटे नीट धरत नाहीत, कोणता सेवक रात्री हाक मारताच येतो, कोणत्या गावातून रुग्ण उशिरा आणतात, हे तिला ठाऊक असते. तिला डावलणारा शल्यचिकित्सक वर्षभरात बदली मागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सन २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची एक पडताळणी यादी पुरस्कृत केली. तीत १९ मुद्दे आहेत. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा थांबून ते मोठ्याने वाचावयाचे. रुग्ण कोण, बाजू कोणती, ॲलर्जी आहे काय, मॉप व सुया मोजल्या काय, असे हे साधे प्रश्न आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे सन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १०१ रुग्णालयांत ही यादी लागू केली, तेव्हा म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असा सन २०१४ चा निष्कर्ष आहे. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. कागदावर खुणा करण्याने रुग्ण वाचत नाही. "साहेब, एक मॉप कमी आहे" असे कक्षसेवकाला निर्भयपणे म्हणता आले आणि साहेबांनी हात थांबविला, तरच तो वाचतो. या यादीत सर्वांनी एकमेकांना आपले नाव व काम सांगावे असाही एक मुद्दा आहे. तो पोरकट वाटतो, पण ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे तो माणूस अडचणीच्या वेळी बोलतो.

भूलतज्ज्ञाची उणीव हा या सर्वांतला सर्वांत दुखरा भाग. तो नसला की शल्यचिकित्सकाने स्वतःच पाठीत भूल द्यावी आणि स्वतःच शस्त्रक्रिया करावी, असा आग्रह कधी रुग्णाच्या नातेवाइकांकडून होतो, कधी वरिष्ठ कार्यालयाकडून सुचविला जातो. छेद घेणाऱ्याचे डोळे जखमेत असतात. रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवायला दुसरे डोळे लागतात. हे नाकारण्याचे बळ नव्या माणसात नसते. ते त्याला वैद्यकीय अधीक्षकांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी दिले पाहिजे. पुष्कळदा तर अधीक्षकपदाचा कार्यभारही याच नव्या माणसाच्या गळ्यात पडतो आणि सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी वाहनाच्या इंधनाची देयके अशी त्याची विभागणी होते. प्रशासनाने निदान पहिले वर्ष तरी हा बोजा त्याच्यावर टाकू नये.

संमती आणि नकार

शस्त्रक्रियेला संमती कोणी द्यावयाची, याविषयी खेड्यांत अजून गैरसमज आहेत. प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती ही त्याची स्वतःची असते. पतीची, सासऱ्याची किंवा मोठ्या भावाची सही तिची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सन २००८ मधील एका निर्णयात हे स्पष्ट केले. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जीव वाचविण्याची निकड नसताना अशी संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले. कागदावरील सहीपेक्षा तिच्या आधीचे बोलणे महत्त्वाचे. ते रुग्णाच्या भाषेत असावे. नंदुरबारमध्ये भिली, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या रुग्णासाठी दुभाषा लागेल. येथे गावातील शिक्षक किंवा आशा कार्यकर्ती यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही, मात्र त्यांनी रुग्णाचे गुपित सांभाळले पाहिजे.

यापेक्षाही अवघड असते ते "शस्त्रक्रियेची गरज नाही" असे सांगणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न सन २०१९ मध्ये विधिमंडळात आला आणि त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींसाठी आलेल्या, तोडीचा एकही दिवस बुडविणे न परवडणाऱ्या स्त्रीला "एकदाच काढून टाका" हा सल्ला सोयीचा वाटतो. तिला समोर बसवून, औषधोपचार समजावून, पुन्हा तपासणीस बोलावून नकार द्यावयाचा तर वेळ आणि धीर लागतो. सरकारी रुग्णालयातील शल्यचिकित्सकाचे वेतन शस्त्रक्रियांच्या संख्येवर ठरत नाही, म्हणून हा सल्ला तो निःसंकोचपणे देऊ शकतो. त्याच्या पदाची ही मोठी शक्ती आहे.

अपघाताच्या आणि मारामारीच्या प्रकरणांविषयीही एक गोष्ट गावाने ध्यानात ठेवावी. पोलिसांचे कागद होईपर्यंत उपचार थांबत नाहीत. प्राण वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सन १९८९ मध्येच ठरविले आहे. त्याचबरोबर रुग्ण दगावला म्हणून डॉक्टरांवर व रुग्णालयावर हल्ला करणे हा महाराष्ट्रात सन २०१० च्या कायद्याने दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. तथापि रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या दारात जमलेल्या पन्नास माणसांपुढे कायद्याचे पुस्तक उपयोगी पडत नाही. त्या वेळी सरपंच किंवा एखादा गुरुजी पुढे होऊन त्यांना बाजूला घेतो, तेव्हा शल्यचिकित्सकाचे हात मोकळे होतात.

गावाच्या वाटणीचे काम

गावाने हत्यारे किंवा यंत्रे पुरवावीत अशी अपेक्षा नाही. रक्ताचे मात्र बघता येईल. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, तरुण गावी गेलेले असतात आणि रक्तपेढ्या रित्या होतात. दिवाळीच्या सुटीतही तेच. नेत्यांचे वाढदिवस आणि जयंत्या यांच्या आसपास मात्र एकाच आठवड्यात चार-चार शिबिरे होतात. रक्ताची पिशवी साधारणतः ३५ दिवस टिकते, त्यानंतर ती टाकून द्यावी लागते. तालुक्यातील ग्रामपंचायतींनी वर्षाचे बारा महिने आपापसांत वाटून घेऊन शिबिरे भरविली, तर तेवढ्याच दात्यांच्या रक्तात वर्ष निभावेल.

दुसरे म्हणजे घर. शल्यचिकित्सकाचे निवासस्थान रुग्णालयाच्या आवारात असले, त्याचे छत गळत नसले आणि नळाला पाणी असले, तर तो रात्री पाच मिनिटांत शस्त्रक्रियागृहात पोचतो. ते निवासस्थान राहण्याजोगे नसल्याने तो शहरात खोली घेऊन राहू लागला की तालुक्याची रात्र पुन्हा उघडी पडते. दुरुस्तीचा प्रस्ताव बांधकाम खात्याकडे अडकला असेल तर त्याचा पाठपुरावा नव्या डॉक्टरने करीत बसू नये. तो रुग्ण कल्याण समितीने करावा. त्याच्या जोडीदाराला काम, मुलांना शाळा आणि महिन्यातून दोन दिवस सुटी घेता यावी म्हणून शेजारच्या तालुक्यातील शल्यचिकित्सकाशी बदलीची व्यवस्था, या गोष्टी लहान दिसतात. पण बंधपत्राची मुदत संपल्यावर तो राहतो की जातो, हे पुष्कळदा यांवरच ठरते.

तिसरे, जांघेतली गाठ घेऊन पंधरा वर्षे शेत नांगरणारी माणसे प्रत्येक गावात आहेत, आणि ती कोण आहेत हे गावाला ठाऊक असते. सुगी आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत, आतडे आवळले जाण्यापूर्वी त्यांना दिवसाढवळ्या रुग्णालयात आणावे. ती शस्त्रक्रिया सोपी असते, भूलतज्ज्ञाला आधी कळवून बोलाविता येते, रक्ताची बहुधा गरज पडत नाही आणि रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. नव्या शल्यचिकित्सकाच्या वहीतील पहिल्या पन्नास नोंदी अशा रुग्णांच्या असाव्यात. तेवढ्यात त्याचे आणि परिसेविकेचे, भूलतज्ज्ञाचे आणि कक्षसेवकाचे हात एकमेकांना सरावतात.